शटरला पोचा पडलाय? नवं शटर सांगायच्या आधी हे वाचा



या आठवड्याच्या व्हिडिओत मी रबरी हातोडी आणि लाकडी ठोकळा घेऊन शटरसमोर उभा होतो, ते तुम्ही बघितलंच असेल. व्हिडिओत सगळं सांगून होत नाही, म्हणून इथे क्रमाने लिहून देतोय. दुकान असेल, गाळा असेल, घराखालचं गॅरेज असेल, शटर सगळीकडे सारखंच. आणि नव्या धंद्यात असा अचानक आलेला खर्च कसा मारतो, हे मी स्वतः भोगलंय.

आधी माझी फजिती ऐका

माझं पहिलं दुकान झेरॉक्स आणि स्टेशनरीचं. भाड्याचा गाळा, आठ फुटी शटर. दुकान सुरू होऊन जेमतेम दीड महिना झाला होता. शेजारी माल उतरवायला आलेला टेम्पो रिव्हर्स घेताना आमच्या बंद शटरला लागला. गुडघ्याएवढ्या उंचीवर तीन-चार पट्ट्या आत गेल्या. शटर वर जाताना मध्येच अडायला लागलं, जोर लावला की जायचं.

एका शटरवाल्याला बोलावलं. त्याने लांबूनच बघितलं आणि म्हणाला, "पूर्ण पडदा बदलावा लागेल." त्याने सांगितलेला आकडा माझ्या दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त होता. मी म्हटलं, राहू दे, आपणच करू.

मग मी काय केलं? घरातला लोखंडी हातोडा आणला आणि आतून पोच्यावर दणादण घाव घातले. पोचा गेला का? नाही. पत्रा ताणला गेला आणि बाहेरच्या बाजूला टेंगूळ आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी शटर कमरेच्या वर यायला तयार नाही. परीक्षेचे दिवस. हॉल तिकिटाच्या झेरॉक्ससाठी मुलं बाहेर उभी, आणि मी वाकून आत जातोय, वाकून बाहेर येतोय. अर्धी मुलं समोरच्या दुकानात गेली. त्यातली काही परत कधी आलीच नाहीत.

शेवटी ओळखीचे एक फिटरकाका आले. त्यांनी पोच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आधी उजव्या बाजूच्या चॅनलमध्ये वरून खाली बोट फिरवलं आणि एका जागी थांबले. "अडतंय इथं, आणि तू ठोकत बसलास तिथं," एवढंच म्हणाले. टेम्पोच्या धक्क्याने चॅनलची कड आत दबली होती. ती त्यांनी वीस मिनिटांत सरळ केली, शटर चालू! पण मी ठोकून वाया घालवलेल्या दोन पट्ट्या मात्र बदलाव्या लागल्या. म्हणजे त्या दोन पट्ट्यांचा खर्च टेम्पोने नाही, माझ्या हातोड्याने केला.

त्या दिवसापासून माझा नियम एकच: जे दिसतं ते नाही, जे अडतं ते आधी दुरुस्त करायचं. पुढचं सगळं याच नियमावर आहे.

शटर कसं चालतं, दोन मिनिटांत

शटरचे चार भाग ओळखता आले पाहिजेत.

* पट्ट्या: पत्र्याच्या आडव्या, किंचित बाक असलेल्या पट्ट्या. प्रत्येक पट्टीची वरची आणि खालची कड वळवलेली असते आणि एकीची कड दुसरीच्या कडेत अडकते. ही वळलेली कड म्हणजे शटरची बिजागरी. तिच्यामुळेच शटर गुंडाळलं जातं.
* चॅनल: दोन्ही बाजूंचे उभे खाचे. पट्ट्यांची टोकं यातून वर-खाली सरकतात.
* खालची पाटी: सगळ्यात खाली असलेला जाड भाग. कडी, कुलूप, हँडल बहुतेक इथेच.
* वरचा पाईप आणि स्प्रिंग: शटर याच पाईपवर गुंडाळलं जातं. स्प्रिंग शटरचं वजन तोलून धरते, म्हणून एवढं जड शटर आपण एका हाताने उचलतो.

पोचा कुठे आहे? यावर खर्च ठरतो

शटर खाली घ्या. खडू घ्या आणि प्रत्येक पोच्याभोवती गोल करा. मग प्रत्येक गोल कुठल्या प्रकारात बसतो ते ठरवा.

पहिला प्रकार: पोचा पट्टीच्या पोटात आहे, वळलेली कड शाबूत आहे, शटर सहज चालतंय. हा फक्त दिसण्याचा प्रश्न आहे. घरच्या घरी होतो. आणि पैसे नसतील तर चार महिने थांबलात तरी धंदा अडत नाही. फक्त रंग उडालेल्या जागी प्राइमर लगेच लावा, नाहीतर पावसाळ्यात तिथूनच गंज सुरू होतो. कोकणात, मुंबईत खाऱ्या हवेमुळे तर अजून लवकर.

दुसरा प्रकार: चॅनलची कड दबलीय किंवा पट्टीचं टोक वाकलंय. शटर एका ठरावीक उंचीवर अडतं, कर्रकर्र आवाज येतो. हे काम आजच्या आज करायचं. जोर लावून शटर ओढत राहिलात तर एका पट्टीचं दुखणं चार पट्ट्यांना लागतं.

तिसरा प्रकार: वळलेली कड चेपलीय, फाटलीय, किंवा पट्टी गंजून भोक पडलंय. अशी पट्टी सरळ होत नाही, ती बदलायची. फक्त ती पट्टी, सगळं शटर नाही! बहुतेक वेळा "पूर्ण बदला" हा सल्ला इथेच दिला जातो, आणि आपल्याला फरक माहीत नसतो म्हणून आपण मान डोलावतो.

इथे हात लावायचा नाही

बजेट कितीही कमी असलं तरी स्प्रिंग, वरचा पाईप आणि त्याचे ब्रॅकेट यांना हात लावू नका. कारण समजून घ्या. शटर खाली असतं तेव्हा स्प्रिंग सगळ्यात जास्त पिळलेली असते. पडद्याच्या वजनामुळेच ती आवरलेली असते. तुम्ही खालच्या पाच-सहा पट्ट्या सोडवल्या की वजन कमी होतं आणि उरलेला पडदा झटक्यात वर जाऊ शकतो. बोटं जातात, डोकं फुटतं. म्हणून पट्टी बदलायचं काम अनुभवी फिटरकडूनच करून घ्या.

शटर एका बाजूने खाली लोंबतंय, मधेच धाडकन पडतंय किंवा मोटरवर चालतंय, तरीही स्वतः काही करू नका. मोटरचं असेल तर आधी मेन स्विच बंद करा आणि मग माणूस बोलवा.

सामान काय लागेल?

यादी लहान आहे. यातलं निम्मं घरात किंवा शेजारच्या गॅरेजमध्ये मिळेल.

* रबरी हातोडी
* कठीण लाकडाचे दोन ठोकळे, एक हातात मावेल असा आणि एक थोडा मोठा
* वाळू भरलेली जाड कापडी पिशवी
* पक्कड आणि स्क्रू पान्ना
* पॉलिश पेपर, प्राइमर, शटरच्या रंगाचा छोटा डबा, ब्रश
* हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा

पोचा काढायची पद्धत

१. माणसं आणि जागा. धक्का बाहेरून लागलेला असतो, म्हणून पोचा आतून बाहेर ढकलायचा असतो. म्हणजे शटर बंद आणि तुम्ही आत. दुकानाला मागचं दार नसेल तर बाहेर एक माणूस हवाच, तोच तुमचा मदतनीस. आत चांगला उजेड ठेवा. शटर बंद करून आत रंगकाम मात्र अजिबात करू नका, वासाने गुदमरायला होतं.

२. आधी चॅनल. चांगल्या बाजूच्या चॅनलची फट मोजा. तेवढ्याच जाडीची लाकडी पाचर करून घ्या. शटर वर करा, म्हणजे दबलेल्या जागेचं चॅनल मोकळं होईल. शटर अर्ध्यावरच अडत असेल आणि दबलेली जागा मोकळी होत नसेल तर ओढाताण करू नका, फिटरला बोलवा. जागा मोकळी झाली तर शटर वरून घसरू नये म्हणून खाली भक्कम टेकू द्या. मग पाचर दबलेल्या जागेत हलके हलके ठोकत आत घाला. कड थोडीथोडी उघडेल. स्क्रू पान्ना कडेला घट्ट पकडून, मूठ तरफेसारखी वापरूनही कड सरळ करता येते. पाचर वरून खाली न अडकता सरकली की चॅनल झालं.

३. मग पट्टीचं टोक. वाकलेलं टोक पकडीत धरून सावकाश सरळ करा. पकडीच्या दातांत कापड ठेवा, म्हणजे पत्र्यावर ओरखडे येत नाहीत.

४. शेवटी पोटातला पोचा. बाहेरच्या माणसाने पोच्यावर वाळूची पिशवी दाबून धरायची. आतून तुम्ही लाकडी ठोकळा पत्र्यावर ठेवायचा आणि ठोकळ्यावर रबरी हातोडीने मारायचं. सुरुवात पोच्याच्या कडेपासून, गोल फिरत मध्यभागी. एक मोठा घाव नाही, पन्नास छोटे घाव. मधोमध जोरात मारलं की पत्रा ताणतो, आणि ताणलेला पत्रा परत आखडत नाही. मग तो अंगठ्याने दाबला की टकटक आत-बाहेर होत राहतो. माझ्या शटरचं तेच झालं होतं.

५. बाक तपासा. चांगल्या पट्टीवर पुठ्ठा धरून तिच्या बाकाचा आकार कापून घ्या. हा पुठ्ठा दुरुस्त केलेल्या जागी लावून बघा. थोडाफार फरक राहिला तरी चालेल. १०० टक्के सरळ करायच्या नादात पत्रा खराब होतो. ८० टक्क्यांवर थांबायला शिका, धंद्यातसुद्धा!

६. चालवून बघा. शटर अगदी हळू, वीतभर वीतभर वर घ्या. आवाज आला की थांबा, ती जागा खडूने खूण करा, पुन्हा दुरुस्त करा.

७. रंग. पॉलिश पेपरने घासून, पुसून, प्राइमरचा एक हात आणि रंगाचे दोन पातळ हात. जाड थर देऊ नका. शटर गुंडाळताना पट्ट्या एकमेकींवर घासतात, जाड रंग खरवडून निघतो. साध्या पत्र्याला रेड ऑक्साइड चालतो. जस्ताचा मुलामा दिलेला, म्हणजे जीआय पत्रा असेल तर दुकानदाराला तसं सांगून त्याचा वेगळा प्राइमर घ्या, नाहीतर रंगाचे पापुद्रे निघतात.

मोबाईलवर दिसणाऱ्या युक्त्या इथे का चालत नाहीत?

व्हिडिओ टाकल्या टाकल्या हा प्रश्न येणार, म्हणून आधीच सांगतो. हेअर ड्रायरने तापवा आणि बर्फ लावा, रबरी सक्शन कप लावून खेचा, पुट्टी भरून गुळगुळीत करा, असे बरेच परदेशी व्हिडिओ तुम्ही बघितले असतील. ते व्हिडिओ वेगळ्या दाराचे आहेत. अमेरिकेतल्या घरांच्या गॅरेजचं दार साधारण दीड-पावणेदोन फूट उंचीच्या रुंद पॅनलचं असतं. ते पॅनल गुंडाळलं जात नाही, छताखाली आडवं सरकतं. तिथे पत्रा पातळ आणि पृष्ठभाग मोठा, म्हणून सक्शन कप बसतो.

आपल्या शटरची पट्टी जेमतेम तीन इंच रुंद, तीही बाकदार. कप धरत नाही, हवा आत शिरते. पट्टीचा पत्रा जाड, तो ड्रायर-बर्फाला दाद देत नाही. आणि पुट्टी, ज्याला आपले पेंटर लांबी म्हणतात, ती भरली तर पहिल्या दिवशी छान दिसते. मग शटर दिवसातून दोनदा गुंडाळलं जातं, पट्ट्या घासतात आणि लांबीचे तुकडे खाली पडतात. पैसे वाया. युक्ती खोटी नसते, पण ती कुठल्या वस्तूसाठी आहे ते बघा.

कारागिराला बोलावताना हे पाच प्रश्न विचारा

१. "किती पट्ट्या बदलायच्या? मला हात लावून दाखवा." तुमच्या खडूच्या खुणा इथे कामाला येतात.

२. "नवी पट्टी किती गेजची?" गेजचा आकडा वाढला की पत्रा पातळ होतो, हे लक्षात ठेवा. १८ गेज म्हणजे साधारण १.२ मिलिमीटर, २० गेज साधारण ०.९, २२ गेज साधारण ०.७. भारतीय मानक आयएस ६२४८ नुसार साडेतीन मीटरपर्यंत रुंदीच्या शटरला पट्टीचा पत्रा किमान ०.९ मिलिमीटर हवा. जुन्या पट्टीचा तुकडा नमुना म्हणून द्या. बाक आणि कड जुळली नाही तर नवी पट्टी जुनीत बसत नाही.

३. "या दरात काय काय आलं?" पट्टी, मजुरी, स्प्रिंगचं सेटिंग, रंग, येण्याजाण्याचा खर्च. प्रत्येकाचा आकडा वेगळा लिहून घ्या.

४. "काम कधी आणि किती वेळात?" रात्री दुकान बंद झाल्यावर किंवा साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी होईल का, हे विचारा.

५. "जुन्या पत्र्याचं काय?" पूर्ण शटर बदलायची वेळ आलीच तर हा प्रश्न विसरू नका. आठ बाय आठ फुटांच्या, ०.९ मिलिमीटर पत्र्याच्या शटरचं नुसत्या सपाट पत्र्याचंच वजन ४० किलोच्या वर भरतं, वळलेल्या कडा वेगळ्या. ते भंगार तुमचं आहे. भंगारवाल्याचा दर विचारा आणि तेवढे पैसे बिलातून वजा करून घ्या.

निदान दोन ठिकाणी दर विचारा. आणि गाळा भाड्याचा असेल तर काम सुरू करायच्या आधी भाडेकरार काढून बघा. मोठी दुरुस्ती कोणी करायची ते त्यात लिहिलेलं असतं. फोटो काढून मालकाला मेसेज टाका, मगच खर्च करा. आधी खर्च आणि मग वाद, असं नको.

गाडीने धडक दिली असेल तर गाडीचा नंबर आणि शटर एका फोटोत घ्या. गाडीला थर्ड पार्टी विमा कायद्याने बंधनकारक आहे आणि दुसऱ्याच्या मालमत्तेचं नुकसान त्यात येतं. लहान रक्कम असेल तर माणसं समोरासमोर मिटवतात, पण पुरावा हातात असला की बोलणं सोपं जातं. मी त्या टेम्पोचा फोटो काढला नव्हता. ड्रायव्हर "बघतो साहेब" म्हणून गेला तो गेला.

खरा हिशोब कसा करायचा?

बरेच जण फक्त कारागिराचं बिल बघतात. खर्चाचे तीन भाग धरा: सामान + मजुरी + दुकान बंद राहिल्याचं नुकसान.

एक उदाहरण घेऊ. समजा तुमची रोजची विक्री ६,००० रुपये आणि त्यात नफा २० टक्के. म्हणजे एक दिवस दुकान बंद राहिलं तर नुकसान ६,००० चं नाही, १,२०० चं. (दूध, भाजी, तयार खाणं असा नासणारा माल असेल तर तो वेगळा धरा.) आता एक कारागीर २,००० रुपयांत करतो, पण दोन दिवस दुकान बंद ठेवायला सांगतो. दुसरा २,८०० मागतो, पण सुट्टीच्या दिवशी येतो. स्वस्त कोण? पहिल्याचा खरा खर्च २,००० अधिक २,४००, म्हणजे ४,४००. दुसऱ्याचा २,८००. महागडा वाटलेला माणूस १,६०० रुपयांनी स्वस्त पडला!

हे आकडे उदाहरणासाठी आहेत, तुमच्या भागातले दर वेगळे असतील. पण पद्धत हीच ठेवा. फ्रीज बिघडला, वजनकाटा बिघडला, तरी हाच हिशोब.

पुन्हा पोचा पडू नये म्हणून

* शटर मधोमध धरून ओढा. एका कोपऱ्यातून ओढलं की तिरकं होतं आणि चॅनल झिजतं.
* बंद करताना खालच्या पाटीवर पाय मारायची सवय सोडा. हुकाची काठी ठेवा.
* महिन्यातून एकदा चॅनल कोरड्या ब्रशने साफ करा. ग्रीस थापू नका, धूळ चिकटते आणि शटर जड होतं. सिलिकॉन स्प्रेचा हलका फवारा पुरतो.
* माल उतरवताना टेम्पोच्या मागे आपला एक माणूस उभा करा. त्याच्या दोन मिनिटांनी तुमचे दोन हजार वाचतात.

या आठवड्याचा गृहपाठ

ज्यांना अजून धंदा काय करावा हे ठरत नाही, त्यांच्यासाठी खास. उद्या सकाळी दुकानं उघडायच्या आधी तुमच्या बाजारपेठेत एक फेरी मारा. पहिली ५० शटर बघा आणि वहीत लिहा: किती चेपलेली आहेत, त्यातली किती वरच्या तीन प्रकारांपैकी कुठल्या प्रकारात बसतात. मग दुकानं उघडताना पुन्हा फेरी मारा आणि कुठलं शटर आवाज करतंय, कुठला दुकानदार दोन्ही हातांनी जोर लावतोय ते ऐका, बघा.

त्यातल्या तिघांशी बोला. "दुरुस्त का नाही केलं?" एवढंच विचारा. कोणी म्हणेल पैसे नाहीत, कोणी म्हणेल माणूस मिळत नाही, कोणी म्हणेल सगळे नवीनच लावायला सांगतात. हे काम शिकायचं मनात असेल तर एखाद्या चांगल्या फिटरच्या हाताखाली काही महिने काढा, स्प्रिंगचं काम त्याच्या डोळ्यांसमोर शिका, आणि मगच स्वतःचं कार्ड छापा.

आमच्या फिटरकाकांकडे कार्ड नव्हतं, बोर्ड नव्हता. पण आमच्या ओळीतल्या सगळ्या दुकानदारांकडे त्यांचा नंबर होता. कारण ते आधी बोट फिरवायचे, हातोडा नंतर काढायचे.

वहीत काय मोजलंत ते मला नक्की कळवा. भेटू पुढच्या व्हिडिओत!